कवटीच्या खोबणीत डोळा नेमका कुठे बसतो, आणि ते मोजायचं कसं

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही चोपड्याचे, मूर्तिकाम शिकलेले, आणि आता कवटीच्या साच्यावर माती चढवून अनोळखी मयताचा चेहरा उभा करायचं शिकताय. जुन्या नोट्समध्ये तुम्ही वाचलंत की डोळ्याचा गोळा खोबणीच्या बरोब्बर मधोमध ठेवायचा, आणि वरच्या नि खालच्या काठाला उभी पट्टी टेकवली की ती कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या टोकाला लागली पाहिजे. तसंच्या तसं केलं तरी तुमचा प्रत्येक चेहरा आजारी दिसतो, डोळे खोल गेलेले. आणि दुसरं विचारलंत की खोबण मोजायची तर कुठून कुठपर्यंत.

हात तुमचा बरोबर आहे, नियम चुकीचा आहे. मी इकडे धुळ्या-जळगावकडे बरीच वर्षं शरीररचनाशास्त्र शिकवलं आणि त्यासोबत पोलिसांनी आणलेल्या कवट्या मोजायचं काम केलं, अजूनही करते, त्यावरून सांगते की डोळ्याच्या बाबतीत खोबणीच्या आतल्या पोकळीपेक्षा तिचा काठ जास्त कामाचा. काठ नीट मोजला तर गोळा कुठे बसेल आणि किती पुढे येईल हे दोन-तीन मिमीच्या अंदाजाने सांगता येतं. पापणीची जाडी, भुवईचे केस, डोळ्याखालची पिशवी हे काठावरून कळत नाही, आणि जे हाडावरून कळत नाही ते आपण ठामपणे घडवायचं नाही, कारण नातेवाईक फोटोतला चेहरा बघतात तेव्हा नजर पहिली डोळ्यांवर जाते आणि तिथे चुकीचं काही ठाम बनवलं तर ते "हा आमचा नाही" म्हणून निघून जातात.

मोजण्याच्या आधीचं थोडं बोलू कारण जास्त नुकसान तिथेच होतं. आपल्याकडे कवट्या येतात त्या तापी-गिरणेच्या पात्रातल्या वाळूतून, केळीच्या बागांच्या बांधावरून, सातपुड्यातल्या नाल्यांतून, भुसावळकडच्या रेल्वे लाइनीच्या बाजूने, आणि बहुतेक वेळा खोबण काळ्या मातीने गच्च भरलेली असते. ती माती वाळली की आकसते आणि दगडासारखी होते. मग कोणीतरी काडीने, स्क्रू ड्रायव्हरने ती उकरतो आणि आतली भिंत गेलीच समजा. नाकाच्या बाजूची भिंत कांद्याच्या सालासारखी असते, जाडी ०.२ ते ०.४ मिमी, उजेडात धरली तर आरपार दिसते. खालचा तळही बराच पातळ. आणि त्याच बाजूला पुढे अश्रूंच्या नळीजवळचं जे छोटं लॅक्रिमल हाड आहे ते तुटलं की आपला सगळ्यात महत्त्वाचा मोजणीचा बिंदू जातो. म्हणून माती थेंबथेंब पाण्याने मऊ करायची, मऊ ब्रशने थोडी थोडी काढायची, काढलेली माती फेकायची नाही, चाळून ठेवायची, कधी त्यात सुटलेला दात सापडतो आणि एक दात पुढे डीएनएसाठी सगळ्या चेहऱ्यापेक्षा मोलाचा ठरतो. वाळवायची ती सावलीत. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात असतो, अशा उन्हात ओलं हाड ठेवलं तर काठाला चिरा पडतात.

अजून एक. मूळ कवटीवर माती कधीच चढवायची नाही. ती मुद्देमाल आहे, अकस्मात मृत्यूची नोंद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते १७४ होतं, आणि कवटी कोणाच्या ताब्यातून कोणाकडे गेली याची लेखी साखळी तुटली तर कोर्टात तुमचं सगळं काम लटकतं. तपास अधिकाऱ्याची लेखी परवानगी, मोजमाप, साचा, मूळ कवटी परत, या क्रमाने.

आता मोजमाप. कवटी आधी फ्रँकफर्ट पातळीत बसवा, म्हणजे दोन्ही कानांच्या भोकांचा वरचा काठ आणि डाव्या खोबणीचा सगळ्यात खालचा बिंदू एका आडव्या पातळीत आले पाहिजेत. हे न करता पट्टी लावली तर डोळा किती पुढे ते कळणारच नाही, मान थोडी वर केली की आकडा बदलतो. वाळूच्या पिशवीवर किंवा गोल रिंगवर कवटी ठेवून स्पिरिट लेव्हलने तपासा, साधं आहे.

रुंदी घ्यायची ती नाकाच्या बाजूच्या बिंदूपासून बाहेरच्या काठापर्यंत. नाकाच्या बाजूला दोन वेगवेगळे बिंदू वापरात आहेत, एक डॅक्रिऑन, जिथे कपाळाचं हाड, वरच्या जबड्याचं हाड आणि लॅक्रिमल हाड तिघं भेटतात, आणि दुसरा मॅक्सिलोफ्रंटाले, जो त्याच्या पुढे, काठावरच असतो. दोघांनी मोजलेल्या रुंदीत काही मिमीचा फरक पडतो. कुठलाही वापरा पण कुठला वापरला ते वहीत लिहा, नाहीतर दुसऱ्याच्या तक्त्याशी तुमचा आकडा जुळवताना गडबड होते, आणि ही गडबड मी शिकलेल्या लोकांच्या प्रबंधातसुद्धा बघितलीय. बाहेरच्या बाजूचा बिंदू एक्टोकाँकिऑन, जिथे खोबणीला वर-खाली बरोबर दोन भागांत कापणारी रेषा बाहेरच्या काठाला लागते. इथे लक्ष द्या, ही रुंदीची रेषा जमिनीला समांतर नसते, बाहेरच्या बाजूला खाली उतरते. आणि उंची मोजायची ती या तिरप्या रेषेला काटकोनात, जमिनीला काटकोनात नाही.

मोठ्या माणसात रुंदी साधारण ४० मिमी, उंची ३५ मिमी, खोली ४५ मिमीच्या आसपास येते. डिजिटल व्हर्नियर कॅलिपर चालतो पण त्याची टोकं धारदार असतात, आतल्या काठाला हलकेच टेकवा, दाबू नका. प्रथेप्रमाणे डावी खोबण मोजतात, आपल्या कामासाठी मात्र दोन्ही मोजा, दोन्ही सारख्या क्वचितच असतात आणि तो फरक चेहऱ्यावर जिवंतपणीही होताच, तो मातीत जपायचा असतो. सगळं एकदा मोजून झालं की वही बंद करा, दुसऱ्या दिवशी आधीचे आकडे न बघता परत मोजा. स्वतःची चूक किती ते काढायचं सूत्र सोपं आहे, दोन वेळच्या आकड्यांतला फरक घ्या, त्याचा वर्ग करा, सगळ्या कवट्यांच्या वर्गांची बेरीज करा, तिला कवट्यांच्या संख्येच्या दुप्पटीने भागा आणि वर्गमूळ काढा. जो आकडा येतो तितकी तुमच्या हाताची चूक. ती १ मिमीपेक्षा जास्त येत असेल तर गोळा बसवायच्या फंदात अजून पडू नका कारण पुढचे सगळे फरक एक-दोन मिमीचेच आहेत.

आता गोळा. मोठ्या माणसाच्या डोळ्याचा व्यास साधारण २४ मिमी असतो आणि तो माणसामाणसांत फार बदलत नाही. खोबण मोठी दिसली म्हणून मोठा गोळा घ्यायचा नाही, हे मूर्तिकाराला अवघड जातं हे मला माहितेय कारण मूर्तीत डोळा चेहऱ्याच्या प्रमाणात मोठा करतात, इथे ते चालत नाही. बुबुळाचा रंगीत भाग ११.५ ते १२ मिमी, हाही जवळपास ठरलेला. लहान मुलाची कवटी असेल तर हिशोब वेगळा, जन्मताना डोळा साधारण १७ मिमीचा असतो, पहिल्या दोन-तीन वर्षांत झपाट्याने वाढतो आणि तेराव्या वर्षाच्या आसपास मोठ्यांएवढा होतो. म्हणजे तीन वर्षांच्या पोराचा डोळा जवळपास मोठ्या माणसाएवढाच पण चेहरा एवढासा, म्हणून लहान मुलांचे डोळे मोठे दिसतात, आणि तसेच दिसायला हवेत.

गोळा समोरून बघताना कुठे ठेवायचा? मधोमध नाही. डोळा खोबणीच्या छताच्या आणि बाहेरच्या भिंतीच्या जवळ असतो. जुन्या शरीरशास्त्राच्या पुस्तकांत हे शंभर वर्षांपूर्वीपासून लिहिलेलं होतं पण चेहरा बनवणाऱ्यांनी का कोण जाणे मधोमधचा नियम धरून ठेवला. कवटीवरून चेहरा उभा करण्यावर संशोधन करणारा कार्ल स्टीफन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००८ पासून मृतदेहांवर मोजून हे परत दाखवलं, मग २०१२ साली गियोमार्क वगैरे लोकांनी ३७५ जिवंत माणसांच्या सीटी स्कॅनवरही तेच बघितलं. मधल्या बिंदूपासून साधारण १-२ मिमी वर आणि १-२ मिमी बाहेर. उदाहरण घ्या, उंची ३५, गोळा २४, उरले ११. मधोमध ठेवला तर वर साडेपाच खाली साडेपाच, त्याऐवजी वर ४ ते ४.५ आणि खाली ६.५ ते ७ ठेवा. आकड्यात किरकोळ वाटतं पण दोन्ही डोळे दीड-दीड मिमी बाहेर सरकले की दोन बाहुल्यांमधलं अंतर ३ मिमीने वाढतं आणि चेहरा लगेच वेगळा होतो. मधोमधवाले चेहरे नेहमी जरा जवळजवळ डोळ्यांचे दिसतात ते याच्यामुळे.

आणि आता तुमचा खरा त्रास, खोल डोळे. पट्टीचा तो जुना नियम स्टीफननेच २००२ मध्ये खोडून काढला. त्याने काय केलं, डोळ्याचे डॉक्टर जिवंत माणसाचा डोळा किती पुढे आलाय ते हर्टेलच्या यंत्राने मोजतात, थायरॉइडच्या पेशंटला तर नेहमीच, ते सगळे छापलेले आकडे घेऊन पट्टीच्या नियमाशी ताडून बघितले. नियमाने डोळा जवळपास ४ मिमी मागे बसत होता. पुढच्याच वर्षी कॅरोलीन विल्किन्सन आणि माउटनर यांनी जिवंत लोकांच्या एमआरआयवर मोजलं आणि सांगितलं की पट्टी कॉर्नियाला नाही, बुबुळाला टेकली पाहिजे. दोन्ही गोष्टी एकच सांगतात बघा, कॉर्नियाची जाडी अर्धा मिमी आणि तिच्या मागे बुबुळापर्यंत पाण्याची जागा साधारण ३ मिमी, मिळून साडेतीन. म्हणजे कॉर्नियाचं टोक पट्टीच्या साडेतीन ते चार मिमी पुढे. तुमचे चेहरे नेमके एवढ्यानेच मागे आहेत, एवढं केलंत की आजारीपणा जाईल.

पण पट्टी कुठे लावायची यातही चूक होते. वरच्या काठावर नाकाच्या बाजूला जी खाच किंवा भोक असतं तिथे पट्टी लावतात कारण ती जागा हाताला पटकन सापडते. ती काठाचा मध्य नाही, ती नाकाकडच्या एक तृतीयांशावर असते. रुंदीचा मध्य काढून त्या उभ्या रेषेवर वर आणि खाली खूण करा आणि तिथे पट्टी लावा. शिवाय पुरुषात भुवईचं हाड पुढे आलेलं असेल तर वरचा बिंदू पुढे जातो, पट्टी तिरपी होते. म्हणून मी एकट्या पट्टीवर कधी भरवसा ठेवत नाही, बाहेरच्या काठावरूनही मोजते. खोबणीचा बाहेरचा काठ बाजूने बघितला तर बराच मागे वळलेला असतो, त्याच्या सगळ्यात मागच्या बिंदूपासून सरळ पुढे कॉर्नियाच्या टोकापर्यंत सरासरी १६ मिमी, जिवंत माणसांत १२ ते २१ पर्यंत दिसतं. पट्टीने काढलेली जागा आणि या १६ ने काढलेली जागा दोन मिमीच्या आत जुळली तर निश्चिंत व्हा. नाही जुळली तर बहुतेक वेळा कवटी पातळीत नाही किंवा बाहेरचा काठ मरणानंतर तुटलेला आहे, आधी ते बघा. उथळ खोबणीत डोळा जास्त पुढे येतो हे खरं आहे आणि खोलीवरून पुढेपणा काढायची सूत्रंही आहेत, पण मागची भिंत शाबूत नसेल तर ती वापरू नका, तुटलेल्या हाडातून मिळालेली खोली खोटी असते.

मेलेल्या माणसाचा डोळा बघून अंदाज घेऊ नका हेही सांगते. मृत्यूनंतर डोळ्यातला दाब उतरतो, गोळा मऊ पडतो, डोळा आत जातो. खोबणीत साधारण ३० मिलि जागा असते, त्यात डोळा ७ मिलिच्या आसपास, बाकी सगळी चरबी, स्नायू, अश्रूग्रंथी. ही चरबीच डोळ्याला पुढे धरून ठेवते आणि तिचा हाडावर काहीही मागमूस राहत नाही. उपासमारीत, म्हातारपणात, लांबच्या आजारात ती कमी होते. म्हणून आपण सरासरी बसवतो आणि रिपोर्टमध्ये तसं लिहितो.

डोळ्याचे दोन कोपरे. हा माझ्या आवडीचा भाग आहे कारण इथे हाड खरंच काहीतरी सांगतं. बाहेरच्या काठाच्या आत, गालाच्या हाडावर, एक बारीक उंचवटा असतो, व्हिटनॉलचा ट्युबरकल म्हणतात, १९११ मध्ये त्याने वर्णन केला. पापणीचा बाहेरचा कोपरा तिथे दोरीने बांधल्यासारखा अडकलेला असतो. कपाळाचं हाड आणि गालाचं हाड जिथे जोडलंय त्या शिवणीच्या साधारण १०-११ मिमी खाली, काठाच्या किंचित आत. डोळ्याने शोधू नका, बोट फिरवा, बोटाच्या पेराला आधी कळतं. आतला कोपरा अश्रूपिशवीच्या खड्ड्यासमोर, त्या खड्ड्याच्या पुढच्या काठापासून ४ ते ५ मिमी बाहेर. बाहेरचा कोपरा बाहेरच्या काठापासून ४ ते ५ मिमी आत. जुन्या नोट्समध्ये आतल्या कोपऱ्यासाठी २ मिमी लिहिलेलं दिसेल, त्याने डोळा अकारण लांब होतो. मग हिशोब करून बघा, ४० मधून साडेचार-साडेचार गेले, राहिले ३१, आणि जिवंत माणसाची डोळ्याची फट ३० मिमीच्या आसपासच असते. जुळतंय. बाहेरचा कोपरा आतल्यापेक्षा एक-दोन मिमी वर असतो, पण हा चढ सगळ्यांना सारखा द्यायचा नाही, उंचवटा जिथे सापडला तिथून येऊ द्या. एकाच साच्यातले डोळे सगळ्या चेहऱ्यांना बसवायची सवय मूर्तिकामात लागते, ती इथे तोडावी लागेल.

पापण्यांचं थोडक्यात, वरची पापणी बुबुळाचा वरचा १-२ मिमी भाग झाकते, खालची बुबुळाच्या खालच्या कडेला टेकते. बुबुळ सगळं गोल दिसलं तर माणूस घाबरलेला वाटतो. रंग आपल्याकडे गडद तपकिरी करा, काजळ, सुरकुत्या, डोळ्याखालची काळी वर्तुळं काही नको.

सीटी स्कॅन मिळत असेल तर जरूर घ्या. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात विनंती केली की बऱ्याचदा होतं, पण स्लाइस, म्हणजे स्कॅनचा एकेक काप, १ मिमी किंवा त्याहून बारीक मागा. ५ मिमीच्या स्लाइसमध्ये पातळ भिंती गायब होतात आणि स्क्रीनवर हाडात भोक दिसतं जे तिथे नाहीच, मग लोक त्याला जखम समजतात. थ्रीडी स्लायसर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात मोजता येतं आणि प्रिंटसाठी फाइलही निघते. प्रिंट आल्यावर मात्र कॅलिपरने मूळ कवटीशी चार-पाच मापं ताडून घ्या, साचा आकसलेला असू शकतो.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाही पण तुम्हाला विचारली जाईल. तपासवाले विचारतात, "मॅडम, खोबणीवरून सांगा ना, आदिवासी आहे का बाहेरचा?" उंचीला रुंदीने भागून शंभरने गुणलं की एक इंडेक्स येतो, ८३ च्या खाली बुटकी खोबण, ८९ च्या वर उंच, मधली मध्यम, आणि जुन्या पुस्तकांत या तीन खान्यांवरून माणसाच्या समाजाबद्दल, मुलखाबद्दल बिनधास्त लिहिलेलं आहे. माझं स्पष्ट मत आहे की यावरून काहीही सांगू नये. ३४ ला ४० ने भागलं तर ८५ येतात, उंची दीड मिमीने कमी मोजली गेली की खाना बदलतो. आपल्या भागात यावल-रावेरच्या बागांत काम करायला सीमेपलीकडून बऱ्हाणपूर, खरगोनकडची माणसं येतात, रेल्वेने कुठलीही माणसं येतात, पावरा, भिल्ल, गुजर, लेवा सगळे शेजारी राहतात. एका इंडेक्सवरून "हा अमुक समाजाचा" म्हटलं की पोलीस त्याच वस्तीत फिरतात आणि खरं कुटुंब दुसऱ्या तालुक्यात मिसिंगची तक्रार देऊन वाट बघत बसतं. स्त्री की पुरुष याला खोबण थोडी मदत करते, बाईच्या खोबणीचा वरचा काठ बोटाला धारदार लागतो, पुरुषाचा बोथट, पण तेही एकट्या खोबणीवरून ठरवायचं नाही, कटीचं हाड मिळालं तर आधी ते बघायचं.

तुमच्या मातीच्या चेहऱ्याने ओळख पटत नाही हेही तपासवाल्यांना प्रत्येक वेळी सांगा. चेहरा बघून कोणीतरी पोलीस ठाण्यात येतं, एवढंच त्याचं काम. ओळख पटते ती दातांवरून, डीएनएवरून, जुन्या एक्सरेवरून. कोणी आलंच तर त्यांच्याकडून समोरून काढलेला फोटो मागा, आधार कार्डचा नको, त्यात बुबुळ नीट मोजता येत नाही. लग्नातला, स्टुडिओतला चांगला. बुबुळ जवळपास ठरलेल्या मापाचं असल्यामुळे फोटोचं प्रमाण त्याच्यावरून काढता येतं आणि मग कवटीचा फोटो त्यावर ठेवून कोपरे जुळतात का ते बघता येतं. जुळले नाहीत तर त्या माणसाला बाजूला काढता येतं, आणि जुळले तर डीएनएचे नमुने पाठवायला कारण मिळतं.

सध्या तुमच्याकडे जो साचा आहे त्याचं एवढं करा. डोळे काढा, पातळी परत लावा, दोन्ही खोबण्यांची रुंदी-उंची दोन वेगळ्या दिवशी घ्या, ट्युबरकल बोटाने शोधून पेन्सिलने खूण करा, मग गोळा वर आणि बाहेर सरकवून पट्टी बुबुळाला टेकेल इतका पुढे आणा. पापण्यांच्या दोन आवृत्त्या करा, एक भरलेली, एक सुकलेली, आणि दोन्हींचे फोटो द्या. समोरून आणि बाजूने काढायचे फोटो कवटीच्या पातळीत काढा, कॅमेरा डोळ्याच्या उंचीवर, निदान दीड-दोन मीटर लांब, मोबाइल जवळ नेऊन काढला तर नाक मोठं आणि डोळे मागे गेलेले दिसतील आणि आपण परत पहिल्याच शंकेवर येऊ.